८,७५,३९,३१९ : एक मोठी संख्या कागदावर कशी उलगडावी

एखाद्या मोठ्या संख्येचे गुणधर्म सांगणाऱ्या याद्या सहज सापडतात. ती सम आहे की विषम, तिचे विभाजक किती, अंकांची बेरीज किती, ती किती वर्गांच्या बेरजेने बनते, असे सारे त्यांत दिलेले असते. अशा यादीतले प्रत्येक विधान खरे असले तरी ती वाचून संख्येची ओळख होत नाही, कारण एका विधानाचा दुसऱ्याशी काय संबंध आहे हे यादीतून कळत नाही. म्हणून येथे एकच संख्या घेऊन तिचे गुणधर्म कागदावर, हाताने, एकातून दुसरा असे कसे काढत जावे हे क्रमाने सांगितले आहे. संख्या आहे ८,७५,३९,३१९, म्हणजे आठ कोटी पंच्याहत्तर लाख एकोणचाळीस हजार तीनशे एकोणीस.

हीच संख्या निवडण्याचे कारण असे. दोन धन पूर्णांकांच्या घनांची बेरीज म्हणून जी दोन प्रकारे लिहिता येते अशी सर्वांत लहान संख्या १७२९ आहे, आणि रामानुजन यांनी हार्डी यांना ते सांगितल्याची आठवण बहुतेकांनी ऐकलेली असते. फ्रेनिकल द बेसी या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ मध्येच १७२९ ची नोंद केली होती. पण तीन प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या सापडायला पुढे तीनशे वर्षे जावी लागली. जॉन लीच यांनी ती १९५७ मध्ये शोधली आणि ती म्हणजे आपली ८,७५,३९,३१९. ही ओळख क्षणभर बाजूला ठेवावी आणि संख्या नुसतीच हाती आली आहे असे समजून कामाला लागावे. चौकटीची वही, पेन आणि शंभरपर्यंतच्या मूळ संख्यांची यादी एवढे साहित्य पुरते. गणकयंत्र शेवटच्या पडताळणीसाठी ठेवावे, कारण ते उत्तर दाखवते पण वाट दाखवत नाही.

अंकांपासून सुरुवात

प्रथम अंकांची बेरीज करावी : ८ + ७ + ५ + ३ + ९ + ३ + १ + ९ = ४५. बेरजेला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही ९ ने निःशेष भाग जातो. भागाकार येतो ९७,२६,५९१. त्याच्या अंकांची बेरीज ३९, म्हणजे आणखी एकदा ३ ने भाग जाईल पण ९ ने जाणार नाही. पुन्हा ३ ने भागल्यावर ३२,४२,१९७ मिळतात. यांची बेरीज २८, म्हणून ३ चे काम येथे संपले. संख्येत ३ हा अवयव बरोबर तीन वेळा आहे.

अंकांच्या बेरजेवरून आणखी दोन प्रश्न लगेच विचारता येतात आणि ते दोन्ही नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचे आहेत. पहिला प्रश्न असा, की आपल्याच अंकांच्या बेरजेने संख्येला भाग जातो का? जात असल्यास कापरेकर तिला हर्षद संख्या म्हणत. येथे बेरीज ४५ आहे आणि ४५ मध्ये ५ आहे, पण आपल्या संख्येच्या एकम स्थानी ९ असल्यामुळे तिला ५ ने भाग जात नाही. म्हणजे ही हर्षद संख्या नव्हे, आणि त्यासाठी प्रत्यक्ष भागाकार करण्याचीही गरज पडली नाही.

दुसरा प्रश्न थोडा खोल आहे. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली तर नवी संख्या जन्मते. जी संख्या अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून जन्मत नाही ती स्वयंभू संख्या, जिला कापरेकरांच्या गावावरून देवळाली संख्या असेही म्हणतात. आपली संख्या स्वयंभू आहे का हे कसे पाहावे? आठ अंकी संख्येच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त ७२ असते, म्हणून जनक संख्या फार तर ७२ ने लहान असेल. शिवाय कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यास बाकी सारखीच उरते. त्यामुळे जनक संख्येच्या बाकीची दुप्पट ९ ने विभाज्य असली पाहिजे, म्हणजेच जनक संख्या स्वतः ९ च्या पटीत असली पाहिजे. आता तपासायला उरल्या फक्त आठ संख्या : ९, १८, २७ असे करत ७२ पर्यंत वजा करून मिळणाऱ्या. पहिल्या दोहोंच्या अंकांची बेरीज ३६ येते, उरलेल्या सहाही संख्यांची ४५. ४५ वजा केल्यावर ८,७५,३९,२७४ मिळते आणि तिच्या अंकांची बेरीज ४५ च आहे. म्हणजे ८,७५,३९,२७४ + ४५ = ८,७५,३९,३१९. आपली संख्या स्वयंभू नाही. तिला जनक आहे, आणि तो एकच आहे.

तीन-तीन अंकांचे गट

लाख-कोटींचे स्वल्पविराम वाचायला सोयीचे असले तरी पुढच्या कसोटीसाठी ते काढून टाकावेत आणि उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत : ८७ । ५३९ । ३१९. या गटांची नुसती बेरीज केली तर ९४५ येते. ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७ असल्यामुळे २७ आणि ३७ या दोहोंची परीक्षा या एका बेरजेत होते. ९४५ म्हणजे २७ गुणिले ३५, म्हणून २७ ने भाग जातो हे पुन्हा एकदा सिद्ध झाले. ३७ ने ९४५ ला भाग जात नाही, म्हणून आपल्या संख्येलाही जात नाही.

आता त्याच गटांची आळीपाळीने वजाबाकी आणि बेरीज करावी : ३१९ − ५३९ + ८७ = −१३३. १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३ असल्यामुळे या एका उत्तरात तीन मूळ संख्यांचा निकाल लागतो. १३३ ला ७ ने भाग जातो, ११ ने जात नाही, १३ ने जात नाही. मूळ संख्येचेही तसेच. येथे एक सापळा आहे. १३३ म्हणजे ७ गुणिले १९, आणि ते पाहून १९ नेही भाग जाईल असे वाटते. तसे नाही. ही कसोटी १००१ च्या अवयवांपुरतीच खरी आहे आणि १९ हा १००१ चा अवयव नाही, म्हणून १९ बद्दल ती काहीच सांगत नाही.

३२,४२,१९७ ला ७ ने भागले की ४,६३,१७१ मिळतात.

येथे ताळ्याविषयी सांगणे आवश्यक आहे. पुष्कळ जण नवाचा ताळा, म्हणजे अंकांच्या बेरजेवरून ९ ची बाकी जुळते का एवढेच, पाहून समाधान मानतात, आणि मीही मानत असे. एकदा हाच भागाकार उतरवून घेताना मी ४,६३,१७१ ऐवजी ४,६३,७११ लिहिले. अंक तेच, फक्त जागा बदललेल्या. साहजिकच नवाचा ताळा जुळला आणि त्यापुढचे पाऊण पान वाया गेले. तेव्हापासून मी प्रत्येक भागाकारानंतर १००१ चा ताळाही पाहतो. ३२,४२,१९७ चे गट ३ । २४२ । १९७, आणि १९७ − २४२ + ३ = −४२. भागाकार ४६३ । १७१ चे उत्तर १७१ − ४६३ = −२९२. त्याला ७ ने गुणल्यावर −२०४४, आणि त्यात १००१ ची दुप्पट मिळवली की −४२. दोन्ही बाजू जुळल्या. चुकीच्या ४,६३,७११ ला हाच ताळा लावला तर ७११ − ४६३ = २४८, त्याची सातपट १७३६, त्यातून १००१ गेले की ७३५ उरतात. ते −४२ शी जुळत नाहीत, कारण दोहोंतले अंतर ७७७ आहे आणि त्याला १००१ ने भाग जात नाही. नवाचा ताळा बेरजेची चूक पकडतो, अंकांची अदलाबदल पकडत नाही. दोन्ही ताळे एकत्र वापरले तर हातून सुटणाऱ्या चुका फार थोड्या राहतात.

उरलेले मूळ अवयव

४,६३,१७१ चे वर्गमूळ ६८० हून किंचित जास्त आहे. ६८० पर्यंत १२३ मूळ संख्या आहेत आणि वाईटात वाईट म्हणजे त्या साऱ्या तपासाव्या लागतील. प्रत्यक्षात २, ३, ५, ७, ११ आणि १३ यांचा निकाल आधीच लागला आहे, म्हणून १७ पासून सुरुवात करावी. १७ ने भागल्यास बाकी ६, १९ ने ८, २३ ने २०, २९ ने १२ उरते. ३१ ने मात्र निःशेष भाग जातो आणि १४,९४१ मिळतात.

अवयव सापडला की मर्यादा नव्याने काढावी, हा नियम विसरला जातो आणि त्यामुळे निष्कारण श्रम होतात. १४,९४१ चे वर्गमूळ १२२ हून थोडे अधिक आहे, म्हणजे ६८० पर्यंत जाण्याची गरज आता उरली नाही. शिवाय ३१ पेक्षा लहान कोणतीही मूळ संख्या तपासायची नाही, कारण ती १४,९४१ ला विभागत असती तर आधीच सापडली असती. फक्त ३१ पुन्हा एकदा तपासावा. बाकी ३० उरते. ३७ चा निकाल गटांच्या बेरजेत लागलेलाच आहे. पुढे ४१ ने १७, ४३ ने २०, ४७ ने ४२, ५३ ने ४८, ५९ ने १४, ६१ ने ५७ अशा बाक्या उरतात आणि ६७ ला काम फत्ते होते : ६७ × २२३ = १४,९४१.

२२३ मूळ आहे की नाही हे वेगळे तपासण्याची गरज नाही. ती संयुक्त असती तर तिला १५ पेक्षा लहान एखादा मूळ विभाजक असता, आणि तो तर आपण केव्हाच बाद केलेला आहे. तेव्हा पूर्ण उत्तर असे :

८,७५,३९,३१९ = ३ × ३ × ३ × ७ × ३१ × ६७ × २२३

अवयवांवरून जे आपोआप मिळते

एवढे झाले की पुष्कळ गुणधर्म पायरीगणिक हाती येतात. विभाजकांची संख्या काढण्यासाठी प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात एक मिळवून गुणाकार करावा : ४ × २ × २ × २ × २ = ६४. विभाजकांची बेरीज ४० × ८ × ३२ × ६८ × २२४, म्हणजे १५,५९,७५,६८०. यातला ४० हा १ + ३ + ९ + २७ यांतून आला आणि बाकीचे गुणक प्रत्येक मूळ अवयवात एक मिळवून आले. यातून संख्या स्वतः वजा केली तर ६,८४,३६,३६१ उरतात, आणि ते मूळ संख्येपेक्षा कमी असल्यामुळे ही न्यून संख्या ठरते. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या १८ × ६ × ३० × ६६ × २२२ म्हणजे ४,७४,७२,४८० आहेत.

दशांश अपूर्णांकांची आवड असणाऱ्यांनी १ ला या संख्येने भागल्यास किती अंकांनी आवर्तन होते तेही काढावे. २७, ७, ३१, ६७ आणि २२३ यांची आवर्तने अनुक्रमे ३, ६, १५, ३३ आणि २२२ अंकांची आहेत. त्यांचा लघुतम सामाईक विभाज्य १२,२१० येतो आणि तेच उत्तर आहे. बारा हजारांहून अधिक अंकांचे आवर्तन एका ओळीच्या ल.सा.वि.मधून मिळते, भागाकाराची एकही पायरी न करता.

वर्गांकडे

विषम संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिणे सोपे असते, कारण विभाजकांची प्रत्येक जोडी असा एक प्रकार देते. ६४ विभाजकांच्या ३२ जोड्या, म्हणून ३२ प्रकार. एकमेकांच्या सर्वांत जवळची जोडी ६,९१३ आणि १२,६६३ ही आहे. त्यांच्या बेरजेची निमपट ९,७८८ आणि फरकाची निमपट २,८७५, म्हणून ९,७८८ च्या वर्गातून २,८७५ चा वर्ग वजा केला की आपली संख्या येते. अवयव पाडण्याची फर्मा यांची पद्धत नेमकी येथूनच निघते. तीत संख्येच्या वर्गमूळाच्या पुढून एकेक संख्या घेऊन तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करायची आणि बाकी पूर्ण वर्ग येते का ते पाहायचे असते. आपल्या बाबतीत ९,३५७ पासून ९,७८८ पर्यंत ४३२ संख्या तपासाव्या लागल्या असत्या, तेव्हा ती वाट धरली नाही हे बरेच झाले. ज्या संख्येचे दोन अवयव एकमेकांच्या अगदी जवळ असतात तिच्यासाठीच ती राखून ठेवावी.

वर्गांच्या बेरजेचे उत्तर मात्र वेगळेच येते. कोणत्याही पूर्ण वर्गाला ८ ने भागले तर बाकी ०, १ किंवा ४ हीच उरते. आपल्या संख्येचे शेवटचे तीन अंक ३१९, त्यांना ८ ने भागल्यास बाकी ७. आता ०, १ आणि ४ यांतून कोणत्याही तीन संख्या घ्या, त्यांच्या बेरजेला ८ ने भागल्यावर ७ कधीच उरत नाहीत. म्हणजे ही संख्या दोन वर्गांची तर नाहीच, पण तीन वर्गांची बेरीजही होऊ शकत नाही. लाग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केल्याप्रमाणे चार वर्ग प्रत्येक संख्येला पुरतात. येथे पूर्ण चारच लागतात. एक प्रकार असा :

९,३५५² + १५१² + १८² + १३² = ८,७५,३९,३१९

तो शोधताना सर्वांत मोठा वर्ग म्हणून ९,३५६ घेण्याचा मोह होतो. पण ९,३५६ च्या वर्गाला ८ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे उरलेल्या ४,५८३ ला ८ ने भागल्यास पुन्हा ७ च उरतात आणि ती तीन वर्गांत बसत नाही. म्हणून एक पायरी खाली उतरून विषम संख्या घ्यावी. दोन घनांत तीन-तीन वेळा बसणारी संख्या तीन वर्गांत एकदाही बसत नाही, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

घनांची बेरीज : मुख्य काम

आता मूळ प्रश्न. ही संख्या दोन घनांची बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येते, आणि ते सारे प्रकार सापडले याची खात्री कशी करावी? ४४४ पर्यंतचे सगळे घन मांडून प्रत्येक जोडी पाहत बसणे हा एक मार्ग आहे, पण शाळेत बैजिक राशींचे अवयव शिकताना पाठ केलेले सूत्र त्याहून कितीतरी जवळचा मार्ग दाखवते :

अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²)

म्हणजे दोन घनांची बेरीज आपली संख्या असेल तर ज्यांचे घन घेतले त्या दोन संख्यांची बेरीज, जिला आपण स म्हणू, आपल्या संख्येचा विभाजक असलीच पाहिजे. ६४ विभाजक आपल्या हाती आहेत. त्यांतले बहुतेक एका मर्यादेने गळून पडतात. बेरीज स ठरलेली असेल तर दोन घनांची बेरीज स³ पेक्षा कमी असते, आणि दोन्ही संख्या समान असताना ती सर्वांत लहान म्हणजे स³ च्या चौथ्या हिश्शाइतकी होते. तेव्हा स हा आपल्या संख्येच्या घनमूळापेक्षा मोठा, आणि संख्येच्या चौपटीच्या घनमूळापेक्षा लहान किंवा फार तर तेवढाच असला पाहिजे. ४४४ चा घन ८,७५,२८,३८४, म्हणजे आपल्या संख्येहून जेमतेम लहान. म्हणून स किमान ४४५. संख्येची चौपट ३५,०१,५७,२७६ आहे, ७०४ चा घन तिच्याहून लहान आणि ७०५ चा मोठा. म्हणून स कमाल ७०४.

४४५ ते ७०४ या पट्ट्यात आपल्या संख्येचे विभाजक किती? ६७ आणि २२३ यांच्या पटी वेगवेगळ्या पाहिल्या की शोध सोपा होतो. ज्यांत हे दोन्ही नाहीत त्यांपैकी फक्त ६५१ बसतो. ज्यांत ६७ आहे त्यांपैकी ४६९ आणि ६०३ बसतात. ज्यांत २२३ आहे त्यांपैकी ६६९. दोन्ही असतील तर विभाजक किमान १४,९४१ होतो, म्हणून तो प्रश्नच नाही. चौसष्टांतून चार उरले.

या चारांतला एक आणखी एका विचाराने जातो. कोणत्याही संख्येचा घन आणि ती संख्या यांच्यातला फरक लगतच्या तीन संख्यांचा गुणाकार असतो, आणि लगतच्या तीन संख्यांच्या गुणाकाराला ६ ने भाग जातोच. म्हणून घनांच्या बेरजेला आणि नुसत्या संख्यांच्या बेरजेला ६ ने भागल्यास बाकी एकच उरते. आपली संख्या विषम असून तिला ३ ने भाग जातो, म्हणून बाकी ३. स ची बाकीही ३ हवी, म्हणजे स ला ३ ने भाग गेला पाहिजे. ४६९ च्या अंकांची बेरीज १९, म्हणून तो बाद. उरले ६०३, ६५१ आणि ६६९.

आता प्रत्येकावरून अ आणि ब काढावेत. ६०३ चे काम पूर्ण मांडतो. संख्येला ६०३ ने भागल्यास १,४५,१७३ येतात. ६०३ चा वर्ग ३,६३,६०९. सूत्रातला दुसरा कंस म्हणजे स² वजा अब ची तिप्पट, म्हणून ३,६३,६०९ मधून १,४५,१७३ वजा करून उरलेल्या २,१८,४३६ ला ३ ने भागले की गुणाकार अब मिळतो : ७२,८१२. बेरीज आणि गुणाकार कळला की फरक काढणे वर्गसमीकरणाचे काम आहे. स² मधून अब ची चौपट वजा करावी : ३,६३,६०९ − २,९१,२४८ = ७२,३६१. हा पूर्ण वर्ग आहे का, यावर सारे अवलंबून आहे. २७० चा वर्ग ७२,९००, त्यातून ५३९ वजा केले की बरोबर ७२,३६१, म्हणजे २६९ चा वर्ग. बेरीज ६०३, फरक २६९, म्हणून संख्या ४३६ आणि १६७.

६५१ ला हीच रीत लावली तर फरकाचा वर्ग ३८,०२५ येतो, म्हणजे १९५ चा वर्ग, आणि संख्या ४२३ व २२८ मिळतात. ६६९ ला २५,२८१ म्हणजे १५९ चा वर्ग, आणि संख्या ४१४ व २५५. उरलेले तिन्ही उमेदवार यशस्वी झाले :

४३६³ + १६७³ = ८,२८,८१,८५६ + ४६,५७,४६३
४२३³ + २२८³ = ७,५६,८६,९६७ + १,१८,५२,३५२
४१४³ + २५५³ = ७,०९,५७,९४४ + १,६५,८१,३७५

तिन्ही बेरजा ८,७५,३९,३१९ येतात, आणि चौथा प्रकार असूच शकत नाही हेही त्याच वेळी सिद्ध झाले. ज्या शोधाला एकोणिसाव्या नव्हे तर विसाव्या शतकाची पन्नाशी उलटावी लागली त्याची पडताळणी वहीच्या दोन पानांत होते. अर्थात यापेक्षा लहान एकाही संख्येला हे जमत नाही हे दाखवणे निराळे आणि फार कष्टाचे काम आहे.

उलट दिशेने

आता एकदा मागे वळून पाहावे. समजा हे तीन प्रकार आपल्याला आधीच ठाऊक होते आणि मूळ अवयव ठाऊक नव्हते. तर १७, १९, २३ असे भागत जाण्याची गरजच नव्हती. ६०३ म्हणजे ३ × ३ × ६७, ६५१ म्हणजे ३ × ७ × ३१, ६६९ म्हणजे ३ × २२३. या तीन छोट्या संख्यांत पाचही मूळ अवयव उघड दिसतात. त्यांचा ल.सा.वि. २,९१,७९,७७३ आणि त्याची तिप्पट म्हणजे आपली संख्या. अवयवांवरून घन मिळाले, घनांवरून अवयव मिळतात. ज्याला जे आधी सापडेल त्याने तेथून निघावे.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर नीट पाहावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातल्या चारही संख्यांना ३ ने भाग जातो. भागून टाकले तर १४१, ७६ आणि १३८, ८५ या जोड्या उरतात, आणि त्यांच्या घनांच्या बेरजा ३२,४२,१९७ येतात. ही संख्या आपल्या ओळखीची आहे. पहिल्याच पायरीवर ३ चे सारे अवयव काढून टाकल्यावर ती उरली होती. म्हणजे ३२,४२,१९७ ही दोन प्रकारे घनांची बेरीज आहे, आणि तिला २७ ने, म्हणजे ३ च्या घनाने, गुणले की ते दोन्ही प्रकार तिप्पट होऊन टिकतात, तर ४३६ आणि १६७ हा तिसरा प्रकार नव्याने येऊन मिळतो. त्याला ३ ने भागता येत नाही, म्हणून लहान संख्येत त्याला जागा नव्हती. तीन प्रकारांच्या संख्या मुद्दाम घडवायच्या असतील तर दोन प्रकारांची एखादी संख्या घेऊन तिला निरनिराळ्या घनांनी गुणून पाहणे ही रीत येथे दिसते.

सरावासाठी

हात बसण्यासाठी आधी १७२९ घ्यावी. अवयव ७ × १३ × १९. स ची मर्यादा १३ ते १९. त्या पट्ट्यात विभाजक दोनच, १३ आणि १९, आणि दोन्हींना ६ ने भागल्यास संख्येप्रमाणेच बाकी १. पहिल्यावरून १२ व १, दुसऱ्यावरून १० व ९ मिळतात. पाच मिनिटांचे काम आहे, पण सगळ्या पायऱ्या लिहून करावे.

त्यानंतर ६९,६३,४७,२३,०९,२४८ घ्यावी. चार प्रकारे दोन घनांची बेरीज होणारी ही सर्वांत लहान संख्या रोझेनस्टील आणि डार्डिस यांनी १९८९ मध्ये संगणकाच्या मदतीने शोधली. तिचे अवयव २ चा दहावा घात, ३ चा घन, आणि ७, १३, १९, ३१, ३७, १२७ असे आहेत, म्हणून विभाजक २,८१६. स १९,०९६ आणि ३०,३१२ यांच्या दरम्यान असला पाहिजे, आणि संख्येला ६ ने भाग जात असल्यामुळे स लाही गेला पाहिजे. प्रथम ज्यांत १२७ आहे ते विभाजक वेगळे काढावेत. तेथे २४,३८४ सापडतो, त्यावरून १८,९४८ आणि ५,४३६ ही जोडी निघते, आणि उरलेल्या तीन जोड्या १२७ नसलेल्या विभाजकांत शोधायच्या राहतात.